छपरातला कवडसा आणि ईस्टरचा दिवस

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची गोष्ट. मी सोलापुरात हायस्कुलात भूगोल शिकवत असे आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा वर्ग घेत असे. एकदा वर्गात एका मुलीने विचारलं, "बाई, सूर्य फिरतो का पृथ्वी?" आता देवाच्या घरात बसून खोटं बोलू का? पृथ्वी फिरते, म्हणाले. झालं! बाई बायबल खोटं ठरवतात, असा घरोघर बोभाटा झाला. सगळ्यांत जास्त खवळले आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील. ते चर्चच्या मंडळीचे पंच. "यहोशवाची लढाई संपस्तोवर सूर्य थांबला, ते बायबलात काय उगंच लिवलंय व्हय?" एवढं बोलून त्यांनी माझ्याशी अबोला धरला. माझा वर्ग काढून घ्यायचा का, हे ठरवायला लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांतल्या, एका रविवारी बैठक बोलावली. वर्ग गेला तर पुन्हा चर्चची पायरी चढायची नाही, इतका संताप माझ्या डोक्यात होता. आणि प्रभूवाचून आपलं पान हलत नाही, हेही कळत होतं. प्रार्थनेला बसले तर शब्द फुटेनात. नुसतं म्हटलं, देवा, आता तूच बघ बाबा.

उपासनेनंतर भर दुपारी चर्चच्या पत्र्याच्या छपराखाली सगळे बसले होते. तेवढ्यात झगा घातलेले एक म्हातारे फादर दारात उभे राहिले. गुलबर्ग्याची गाडी संध्याकाळी होती, ऊन सोसवेना, म्हणून जरा टेकायला आले होते. आप्पांनीच त्यांना पाणी दिलं. भांडण कशावरून, ते ऐकून फादर गालात हसले आणि त्यांनी फरशीकडे बोट दाखवलं. छपराच्या भोकातून तिथे उन्हाचा गोल कवडसा पडला होता.

"युरोपात काही मोठ्या चर्चांच्या छताला असं भोक मुद्दाम ठेवत," ते म्हणाले. "दुपारचं ऊन फरशीवरच्या रेघेवर कुठं पडतं, ते वर्षभर मोजत. दिवस-रात्र सारखे कधी होतात ते त्यावरून कळे, आणि ईस्टरचा दिवस चंद्र-सूर्यावरून ठरतो ना! मोजणारे कितीतरी पाद्रीच होते, आप्पा."

"आन् यहोशवा?"

"देव माणसाशी माणसाच्या बोलीत बोलतो. तुम्हीही सकाळी सूर्य उगवला असंच म्हणता."

आप्पा उठले, फळ्याजवळचा खडू घेतला, धोतर सावरत खाली बसले आणि कवडशाच्या कडेनं रेघ ओढली. आम्ही सगळे बघत राहिलो. बघता बघता ऊन रेघ ओलांडून गेलं. "सूर्य नाही सरकला, आप्पा, आपली फरशी फिरली," फादर म्हणाले. आप्पांनी हात जोडले.

"प्रभू, तू लई मोठा हायेस. मी तुला उगंच ल्हान करत हुतो."

बैठक तिथेच मोडली. ते फादर कोण, कुठले, हे विचारायचंही आम्हाला सुचलं नाही. संध्याकाळी ते निघून गेले. त्यांना कुणी पाठवलं, याचा खल मी करत नाही, फक्त आभार मानते. स्वतःसाठी भांडायला मी पदर खोचून तयार होते, पण मला तोंडही उघडावं लागलं नाही. देवाच्या हाती सोपवलं की तो सांभाळतो, एवढं मला कळलं.

पुढच्या रविवारी वर्गात शिरले, तर मुलांच्या मागच्या बाकावर आप्पा बसलेले. म्हणाले, "शिकव की गं बाय. मलाबी ऐकायचंय."