चॅम्पियनला दोर कशाला

२००३ च्या पावसाळ्यात आमची इंजिनिअर्सची कंपनी आसामात होती. काम पुराचं. बोटी चालवायच्या, अडकलेली माणसं काढायची. मी हवालदार, गाव शिनोली. जुलैत कंपनीत लान्स नाईक संपत परत आला. आहुप्याच्या वाटेवरच्या वाडीतला, म्हणजे माझा गाववालाच. मला दादा म्हणायचा.

संपत नदीच्या डोहात पोहायला शिकला. तालुक्याच्या कॉलेजात गेला आणि पुण्याच्या स्पर्धेत पहिल्याच वर्षी शहरातल्या पोरांना मागं टाकून पहिला आला. तीन वर्षं कॉलेजचा चॅम्पियन. जीपमधून मिरवणूक काढली होती त्याची. मग आर्मीनं स्पोर्ट्स कोट्यातून घेतला. गावाला वाटलं, पोराचं सोनं झालं.

कसलं सोनं अन् कसलं काय! आठ वर्षं त्याला टीमसाठी पोहवला. सकाळी पूल, संध्याकाळी पूल, मेडल रेजिमेंटच्या कपाटात. प्रमोशनसाठी कॅडर कोर्स करावा लागतो. कोर्स आला की याचा नेमका स्पर्धेचा कॅम्प लागायचा. मागून भरती झालेले नाईक झाले, हवालदार झाले, हा आपला लान्स नाईकच. शेवटी खांदा गेला तसा टीमनं त्याला युनिटला परत धाडला. लाड होते ते खांद्याचे. मला अजून संताप येतो.

पूलच्या फरशीवर पोहणारा म्हणून कंपनीत पोरं त्याला 'फरशीवरचा मासा' म्हणायची. तो हसून सोडून द्यायचा. पण नाईक व्हायचं त्यानं फार मनावर घेतलं होतं. नाहीतर थोड्या वर्षांत सर्व्हिस संपून घरी बसावं लागणार, आणि वाडीत आई एकटी, जमीन खडकाळ.

ऑगस्टमधली एक सकाळ. आमची एक रिकामी बोट खुंटा उपसून वाहत गेली आणि नदीच्या मधोमध, वाहून आलेल्या झाडात अडकली. बाकीच्या बोटी माणसं काढायला गेलेल्या. लाइफ जॅकेटंही त्यांच्याबरोबरच. दुसऱ्या दिवशी ब्रिगेडियर साहेबांचं इन्स्पेक्शन. बोट कमी दिसली तर आमच्या मेजर साहेबांना जाब द्यावा लागणार होता.

मी रेडिओवर गेलो.

"रोप पार्टी, लोकेशन? ओव्हर."

"रस्ता बंद आहे. एक तास लागेल. ओव्हर."

मी मेजर साहेबांना म्हणालो, दोर येऊ द्या, तासभर थांबू. साहेबांनी संपतकडे बोट केलं.

"चॅम्पियन को रस्सी किसलिए?"

"साब, आठ साल से सिर्फ पूल में तैरा हूँ," संपत म्हणाला. "कंधा भी ठीक नहीं."

"बोट ले आ. कॅडर में तेरा नाम भेजता हूँ."

संपत बूट काढायला बसला. मी त्याचा दंड धरला, नको जाऊ म्हणालो.

"आत्ता न्हाई गेलो तर मला परत कोन इचारतंय, दादा?"

तो बराच वरच्या अंगानं उतरला. प्रवाहाचा अंदाज बरोबर होता. बोटीच्या कडेला त्याचा हात लागलेला मी पाहिला. तेवढ्यात झाड फिरलं. बोट सुटली, संपत झाडाखाली गेला. काठावर आम्ही दहा-बारा जण होतो. कमरेला दोर असता तर ओढून काढला असता. नुसते उभे राहिलो.

बोट खालच्या वळणावर काठाला लागली. साधा ओरखडा नव्हता तिला. संपत दुसऱ्या दिवशी सापडला. त्याच दिवशी इन्स्पेक्शन झालं. बोटींची संख्या पूर्ण भरली.

चौकशीत मी दोराचं सांगितलं, रेडिओवरचं बोलणं सांगितलं. निष्कर्ष असा निघाला की जवान स्वतःच्या इच्छेनं पाण्यात उतरला.

बॉडीबरोबर मी गावी आलो. कॉलेजनं मोठा हार पाठवला. भाषणं झाली. गर्दीत मागं कुजबुज चालली होती, येवढा पट्टीचा गडी बुडलाच कसा, पिऊन व्हता म्हनत्यात. ज्याच्या तोंडून ऐकलं त्याची मी गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. पण ते बोलणं त्याच्या आईच्या कानावर गेलंच.

तेराव्याला माऊलीनं मला बाजूला बोलावलं.

"भाऊ, तुमी तितं व्हता. माजं पोर प्यायलं व्हतं का?"

"नाही, मावशी. शपथ घेऊन सांगतो."

मग मी तिला सगळं सांगितलं. बोट, इन्स्पेक्शन, कॅडर, दोर मागं राहिला ते, साहेब काय बोलले ते.

"आमी हिरीत बादली सोडतो," ती म्हणाली, "तर तिला बी दोर बांदतो."