साडूची पिशवी

माणसाला साडू कशासाठी असतो, याचं उत्तर मला लग्नानंतर लवकरच मिळालं. आपल्याला सुखाने दोन घास गिळता येऊ नयेत म्हणून. माझा साडू डिचोलीचा, मी पेडण्याचा. दोघंही लाकडावर कोरीवकाम करणारे. देवळांची दारं, गणेशपट्ट्या, मखरं, पालखीचे दांडे, जे येईल ते. मी थोरली मुलगी केली, त्याने धाकटी. आणि ज्यांच्या या मुली, ते आमचे सासरे म्हणजे आमच्या दोघांच्याही वरचे कारागीर. त्यांनी कोरलेल्या कमळाची पाकळी बघितली की बोट लावून बघावंसं वाटायचं.

मी लग्नाआधी त्यांच्याच हाताखाली शिकलो, म्हणून ते मला ‘तू’ म्हणत. धाकटा जावई आपल्या बापाकडे शिकून तयार होऊन आलेला, पाव्हणा, म्हणून त्याला ‘तुमी’. मी त्यांना पाण्याचा तांब्या भरून देणारा, आणि हा ‘तुमी’. तेही मला खुपायचं. कुणाला हसायचं असेल त्याने हसावं.

पण खरं दुखणं होतं ते पिशवीचं.

आमच्या कामात देवळाचं दार घरी आणता येत नाही, आपणच हत्यारं घेऊन दाराकडे जायचं असतं. आज केरी, उद्या फोंड्याकडचं एखादं देऊळ. बस, फेरीबोट, कुणाची तरी स्कूटर. लाकूड कोरायच्या पटाश्या म्हणजे काही कपडे नव्हेत, कोंबून न्यायला. एकमेकींवर आपटल्या की धार गेली, आणि धार गेली की अर्धा दिवस दगडावर घासत बसा. मी सगळं करून बघितलं होतं. आधी लाकडी पेटी. ती इतकी जड की कंडक्टर मला बघितलं की दुसरीकडे तोंड फिरवायचा. मग पत्र्याची ट्रंक. ती रस्ताभर खडखडायची आणि आतल्या पटाश्यांचे दात पाडायची. मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून रेक्झिनची बॅग आणली. बाजारात ती फार ऐटबाज दिसली होती. पहिल्याच आठवड्यात एक गोल पटाशी तिच्या तळातून बाहेर आली आणि फेरीबोटीत शेजारच्या बाईच्या लुगड्यात शिरली. त्या बाईने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर मी प्रत्येक पटाशी फडक्यात गुंडाळून नेऊ लागलो. कामाला बसलो की आधी पोटभर गाठी सोडायच्या.

खंडेनवमीला आम्ही दोघंही आपली हत्यारं घेऊन सासरवाडीला जायचो. सासऱ्यांचा मुलगा मुरगाव बंदरात नोकरीला, लाकडाशी त्याचा संबंध फक्त खुर्चीपुरता. म्हणून पूजेला सासऱ्यांच्या हत्यारांशेजारी जावयांची हत्यारं. घासून, तेल लावून पाटावर मांडायची, हळदकुंकू, रोजांची, म्हणजे झेंडूची, फुलं वाहायची, आणि दसरा होईपर्यंत एकाही हत्याराने लाकडाला स्पर्श करायचा नाही.

त्या वर्षी मी सोप्यावर बसून गाठी सोडत होतो. साडू आला, खांद्यावरची गुंडाळी उतरवली, एक झटका दिला आणि ती जमिनीवर सरळ उलगडली. ट्रकच्या ताडपत्रीची पिशवी. डिचोलीच्या खाणीवरून माती नेणाऱ्या ट्रकांवर असते तीच ताडपत्री, हिरवी विटलेली, शिवणीत अजून तांबडी माती. आत ओळीने तिरपे खण. प्रत्येक खणात एकेक पटाशी, मूठ आत आणि पातं बाहेर, म्हणजे बघताक्षणी कळावं कोणती कुठे आहे. पात्यांवर पांघरायला एक पदर. खांद्याला अडकवायला पट्टा. टाका इतका नेटका की मी आपल्या गाठी गुडघ्याखाली सरकवल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात सासऱ्यांनी खाली वाकून त्या पिशवीवरून हात फिरवला आणि हसले. माझ्या कामावरून हात फिरवून ते असे कधी हसले असतील तर मला आठवत नाही.

कुठून केलीस, असं मी साडूला जमेल तेवढ्या गोड आवाजात विचारलं. तो म्हणाला, घरचीच. मी समजलो, याच्या घरी कुणीतरी शिवणारं आहे. म्हणजे तेही सुख याच्याच वाट्याला.

पूजा झाल्यावर सासऱ्यांनी आम्हा दोघांना जवळ बसवलं. त्यांना डोळ्यांनी कमी दिसू लागलं होतं. पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला आपली स्वतःची हत्यारं पाटावरून उचलायची ती परत पेटीत ठेवायला नव्हेत, असं ते म्हणाले. ज्याची त्याला देऊन मोकळं व्हायचं होतं त्यांना.

ती हत्यारं म्हणजे काय चीज होती हे मी सांगतो. पोर्तुगीज अमदानीत पणजीला आलेलं विलायती पोलाद, आणि मुठी त्यांनी स्वतः शिसवीच्या केलेल्या. वर्षानुवर्षं उजव्या अंगठ्याने दाबून दाबून प्रत्येक मुठीला एक खोलगट जागा झाली होती. शिकाऊ असताना मी त्याच मुठी धरल्या, त्याच खोलगट जागेत माझा अंगठा बसायला शिकला. मला त्या पटाश्या हव्या होत्या. मला जमीन नको होती, सासऱ्यांचं घर नको होतं, फक्त त्या पटाश्या. आणि ‘ज्याची त्याला’ म्हणताना सासरे त्या ताडपत्रीच्या पिशवीकडे बघत होते. निदान मला तरी तसं दिसलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, तुमी जेवताना पण पिशीयेकच बघत होतात. बघत होतोच. सगळे वडे खाण्यात गुंतलेले असताना मी हात धुवायला म्हणून उठलो होतो आणि ती पिशवी वितीने मोजून घेतली होती. लांबी, रुंदी, खण, खणांचा तिरकेपणा, सगळं. ठरवलं होतं, अगदी तशीच करायची. तशीच पिशवी माझ्या खांद्यावर दिसली की सासऱ्यांना तोलायला काही उरणार नाही.

ताडपत्री मिळवायला त्रास पडला नाही. सावंतवाडीकडचा एक ड्रायव्हर ओळखीचा होता, माती वाहायचा. शिवायला म्हापशात रिक्षांचे हूड शिवणारा गाठला. त्याला मी खण न् खण सांगितला. पिशवी आली. हुबेहूब. मी ती खांद्याला लावून बसस्टँडवर उगाचच दोन बस सोडल्या.

मग केरीला देवळाच्या दाराचं काम निघालं. पिशवी उजव्या बाजूला उलगडली, हात नेला आणि बोट कापलं. वाटलं, नवी आहे, हात बसेल. दुसरी पटाशी घ्यायला गेलो, पुन्हा कापलं. पाती सगळी माझ्याच हातावर रोखून बसलेली. डाव्या बाजूला ठेवून बघितली, तर प्रत्येक वेळी हात अंगावरून पलीकडे न्यावा लागे, ठोकायची मोगरी कोपराला लागे. दिवस संपेपर्यंत बोटांना चिंध्या बांधून मी बसलो होतो, आणि दारावरची वेल कोरण्यापेक्षा पिशवीला शिव्या देण्यातच जास्त वेळ गेला होता. देवळाचे पुजारी येऊन विचारून गेले की पिशवीची शांत करायला भटजी बोलवू का.

हूडवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, तुम्ही सांगितलं तसंच शिवलंय, एक सूत इकडे तिकडे नाही. ते खोटं नव्हतं. मग साडूची पिशवी त्याला कशी चालते? माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. याने मला मोजताना बघितलं असणार. मुद्दाम काहीतरी उलटंसुलटं मांडून ठेवलं असणार. तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी डिचोलीची बस पकडली.

तो एका देवळात गाभाऱ्याच्या चौकटीवर बसला होता. जाब विचारायला म्हणून मी सभामंडपाच्या दारापर्यंत गेलो आणि तिथेच थांबलो. त्याची पिशवी त्याच्या डाव्या हाताला उलगडलेली होती. मोगरी डाव्या हातात. मग मोगरी ठेवून त्याने न बघता डावा हात पिशवीकडे नेला, पटाशी उचलली आणि डाव्या तळव्याने पाकळीची कड सोलून काढली. लोणी काढावं तशी.

साडू डावरा होता, आणि खणांचा तिरकेपणाही डाव्या हाताचा. मी इतकी वर्षं त्याच्या पंक्तीला जेवलो, तो उजव्या हाताने जेवतो. पूजा उजव्या हाताने, आपट्याची पानं देणं उजव्या हाताने. आणि हत्यारं घेऊन आम्ही भेटत होतो ती खंडेनवमीला, म्हणजे नेमकं ज्या दिवशी कुणीही हत्यार चालवायचं नाही त्या दिवशी. त्याची पटाशी न् पटाशी मला पाठ होती, हात मात्र कधी बघितलेला नव्हता.

मी त्याच्याशी न बोलता तसाच मागे फिरलो. मला इतका आनंद झाला होता की बसमध्ये उभं राहायला लागलं तरी काही वाटलं नाही. आमचे सासरे कसे, तर नातवंडाने डाव्या हाताने समईला वात घातली तर पुन्हा घालायला लावणारे. देवाच्या चौकटीवर डावा हात चालतो हे त्यांना कळलं की पटाश्यांचा प्रश्न तिथेच मिटला. घरी न जाता मी सरळ सासरवाडीला उतरलो.

सासरे सोप्यावर बसून मोगरीचा नवा दांडा घासत होते, बोटांनीच चाचपत. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं. ऐकून त्यांनी दांडा खाली ठेवला.

“कन्यादानाक तेचो हात धरलंय, तेवांच कळला माका,” ते म्हणाले. “घट्टे सगळे डाव्या हाताक.”

मग ते म्हणाले, “माझ्या हत्यारांच्यो मुठी उजव्या हाताच्यो. तेच्या हातात त्यो कश्यो बसतल्यो? ती हत्यारां तुझीच, तू शिकाक इल्लंस तेवांपासून. मगे तेका रित्या हातान कसो धाडू? म्हणान बसान पिशी शिवलंय, तेच्या हाताच्या मापान.”

घरचीच, असं साडू म्हणाला होता. ते घर हे होतं. मी नजर फिरवली तर सोप्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीचा उरलेला तुकडा अजून पडलेला होता, मेणाच्या दोऱ्याचं रीळ त्यावर.

दसऱ्याला पाटावरून उचलून त्यांनी सगळ्या पटाश्या माझ्या ओंजळीत दिल्या. साडूने वाकून मला आपट्याचं पान दिलं, उजव्या हाताने, आणि माझ्या ओंजळीकडे बघितलं. ते बघणं मी ओळखलं, वर्षभर तेच तोंड आरशात बघत होतो. क्षणभर मला फार बरं वाटलं. मग त्याने आपली पिशवी गुंडाळली, पट्टा खांद्याला अडकवला आणि स्कूटरला किक मारली. पिशवी त्याच्या पाठीला अशी बसली होती, जणू तिथेच वाढली. माझे दोन्ही हात भरलेले, आणि ठेवायला बोटं कापणाऱ्या त्या नकलेशिवाय काही नाही.

इतकं मिळूनही मला ती पिशवीच डोळ्यांत खुपत राहिली. ही हत्यारं सासऱ्यांनी स्वतःसाठी केली होती. मी त्यांच्या मापाचा झालो म्हणून मला मिळाली. त्याच्यासाठी मात्र ते त्याचा हात आठवत, दिसत नसताना टाके घालत बसले होते. मी लाज सोडली आणि म्हटलं, मामा, मलाही एक शिवून द्या, माझ्या मापाची.

त्यांनी माझा उजवा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याखाली दाबून बघितला आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

“आता सुयेत दोरो ओवूक दिसणा नाय रे माका,” ते म्हणाले.

त्या पटाश्या मी अजून रेक्झिनच्या बॅगेतून नेतो, एकेक फडक्यात गुंडाळून.