माझंच नाटक मी चोरलं

माझं स्वतःचं नाटक मीच चोरल्याचा कायदेशीर आरोप माझ्यावर आला, तेव्हा मी करी रोडच्या आमच्या खोलीत पायजम्यात नाडी ओवत बसलो होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. गिरणगावात ज्याला गळा होता तो पोवाडे गात होता, ज्याला छाती होती तो मोर्चात पुढे होता. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून! म्हणून मी ‘सासूचा जाहीरनामा’ नावाचं फार्सिकल नाटक लिहिलं. परळचे एक नाटक-कंत्राटदार, धुरीशेठ, ते वाचून पोट धरून हसले आणि दुसऱ्याच दिवशी स्टँपपेपर घेऊन घरी आले. सगळा मजकूर इंग्रजीत.

“अहो, वाचून तरी घ्या,” आमची ही म्हणाली.

“लेखक लिहितो. वाचायचं काम इतरांचं!” मी बाणेदारपणे म्हणालो आणि धुरीशेठ बोट ठेवतील तिथे सह्या ठोकल्या. (बारा. तेरावी मी उत्साहाच्या भरात स्टँपवरच केली.)

महिन्याभरात जाहिरात आली. ‘सासूचा जाहीरनामा! लेखक, निर्माते, दिग्दर्शक : धुरीशेठ!’ मी तसाच परळला धावलो.

“शेठ, माझं नाव?”

“कलम सात,” ते पान लावत म्हणाले. “नाटक तुम्ही नावासकट दिलंत. सगळे हक्क, कायमचे. वाचलं नव्हतंत?”

शेवटी तिकीट काढून माझ्याच नाटकाला गेलो. माझ्या पहिल्या वाक्याला अख्खं थिएटर हसलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. न राहवून शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, “हे मी लिहिलंय.”

“हो का?” ते म्हणाले. “आणि शिवाजी पार्क मी बांधलंय. गप्प बसा की जरा!”

इथवर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण चाळीतल्या मंडळींनी चळवळीच्या मदतनिधीसाठी नाटक करायचं ठरवलं. “तुझंच कर रे, घरचंच तर आहे!” मलाही वाटलं, निदान चाळीत तरी लेखक म्हणून मिरवू. मुख्य भूमिकेत माझा मेहुणा बाळू. पडदा वर गेला आणि बाळूचं पाठांतर खाली आलं. पण गडी डगमगला नाही. वाक्य आठवेना की मूठ वर करून गर्जायचा, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” टाळ्यांचा कडकडाट! दोन अंकांत मूळ नाटकातली चार वाक्यं झाली. तीही सासूचं काम करणाऱ्या आमच्या हिच्या तोंडची.

आठवड्यात नोटीस आली. लेखकाच्या परवानगीशिवाय नाटक केल्याबद्दल, लेखकाला!

हिचे गिरगावातले नानामामा वकील होते. जन्मभर त्यांनी घरमालक-भाडेकरूंचेच खटले चालवलेले. नोटीस वाचून म्हणाले, “म्हणजे तुम्ही जागा सोडलीत आणि परत आत शिरलात.”

“मामा, नाटक आहे ते!”

“तेच. आता एकच बचाव. चाळीत झालं ते हे नाटकच नव्हतं, असं म्हणायचं. बाळू किती वाक्यं विसरला?”

“सगळी.”

“उत्तम!”

तडजोडीची बैठक मामांच्याच ऑफिसात ठरली. साक्षीदार म्हणून, प्रयोग पाहिलेल्या आईला आणि हिला नेलं. मामांनी तासभर, धुरीशेठच्या देखत, आमचा प्रयोग किती भिकार होता हे पुराव्यानिशी सांगितलं. संवाद गेले, कथानक गेलं, दिग्दर्शन तर नव्हतंच. मी मान खाली घालून “हो, हो” म्हणत होतो. ज्या नाटकावर जीव टाकला, त्याला स्वतःच्या तोंडाने कचरा म्हणत होतो. तेवढ्यात धुरीशेठच्या वकिलांनी मूळ वही उघडली आणि हिची ती चार वाक्यं मोठ्याने वाचायला घेतली. “‘सुनेने केलेली आमटी म्हणजे तोंड धुवायच्या पाण्यात हळद...’”

आई ताडकन उठली. “ह्यां वाक्य माझां आसा! लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मी हिका सांगलंय!”

“आणि ‘तुमचं तोंड धुवायलाच केली होती’ हे उत्तर माझं आहे!” ही म्हणाली.

वकिलांनी पान उलटलं. आई. पुढचं पान. ही. मग पुन्हा आई. दोघींनी अख्खा पहिला अंक वाटून घेतला. लग्नानंतर प्रथमच त्यांचं एकमत होत होतं.

“तुमचं वाक्य कुठलं?” धुरीशेठनी मला विचारलं.

मी पुष्कळ आठवलं. “‘पडदा पडतो,’” मी म्हणालो.

धुरीशेठ धंद्यात मुरलेले. वाक्यंच माझी नाहीत तर माझ्या सह्याही कुचकामी, हे त्यांनी ओळखलं. माझ्यावरची नोटीस तिथल्या तिथे फाडली आणि नवा कागद आईपुढे सरकवला. माझ्या मनात आलं, आता आई फसणार! पण आईने अंगठा पदराखाली घेतला. “आधी मराठीत वाचून दाखवा. मगे अंगठो.”

एकेक कलम दोघी सासवा-सुनांनी सोलून काढलं. कलम सात तर आईने तीनदा वाचायला लावलं आणि खोडून घेतलं. शेवटी लेखिका म्हणून दोघींची नावं आणि प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत दोन खुर्च्या, एवढं पदरात पाडून त्या उठल्या.

पुढच्या प्रयोगाला दोघी नटून गेल्या. खुर्च्या दोनच होत्या, त्यामुळे मी घरी राहून आमटी केली.

त्यानंतर मी लेखन सोडलं. वर्षभराने एकदाच लेखणी उचलली, गिरणीत रजेचा अर्ज करायला. पोटदुखीचं वर्णन जीव ओतून केलं होतं. हेडक्लार्कनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “फर्स्टक्लास उतरलाय हो! कुणाकडून लिहून आणलात?”