पालथा हात

कारखान्यात त्याला सगळे 'वैद्य' म्हणायचे. मोटर आजारी पडली की हा आधी मीटर काढायचाच नाही. आईनं लेकराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात तिच्या अंगाला लावायचा, डोळे मिटायचा आणि ताप सांगायचा. मीटर मागाहून हो ला हो करायचा.

अलीकडे मात्र सगळंच गार पडत चाललं होतं. चहाचा पेला हातात धरला तर गार. बादलीत हात घातला तर पाणी गार. बायको म्हणायची, "अहो, वाफ दिसत नाही का?" वाफ दिसायची. त्या सकाळी ती अंथरुणातूनच म्हणाली, "अंगात कणकण आहे हो." त्यानं तिच्या कपाळाला पालथा हात लावला. "गार आहेस की. उगाच कुरकुर!" आणि डबा घेऊन निघाला.

दुपारी पुठ्ठा वाळवायच्या खोलीचा मोठा पंखा पुन्हा थांबला. पंख्यावर कामाला त्याचाच मेहुणा. मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हच्या पडद्यावर तेच लिहिलेलं : मोटर तापली.

"भाऊजी, सकाळपासून हेच रडगाणं. जरा फिरतो की बसतो."

"तुझ्या बहिणीवर गेलाय. काही झालेलं नसताना ताप, ताप."

"सांगू का ताईला?"

"सांग. मग जेवायला तुझ्याकडेच येतो."

हसत हसत वैद्यानं मोटरीला हात लावला. गार. पॅनेल उघडून त्यानं वायरी ओढून पाहिल्या, घट्ट होत्या. मोटरीच्या पोटातल्या सेन्सरला मीटर लावला, तर मीटरही म्हणाला, तापलीय.

"सेन्सर खोटं बोलतोय," वैद्य म्हणाला. अशा वेळी जुने लोक करतात तेच त्यानं केलं. सेन्सरच्या वायरी सोडवल्या आणि त्या जागी खिशातला चिमुकला रेझिस्टर अडकवला. आता मोटर पेटली तरी ड्राइव्हला ती सुखातच दिसणार.

"पण भाऊजी, इथं उभं राहिलं की मला धग लागते."

"खोलीतली गरम हवा आहे ती. चालू कर."

पंखा फिरू लागला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा मेल्या माशाच्या डोळ्यासारखा एका जागी थिजून राहिला. खात्रीसाठी वैद्यानं पुन्हा हात ठेवला आणि डोळे मिटले. गार. छान गार.

कसला तरी वास आला. केस जळल्यासारखा.

"भाऊजी, हात! हात काढा!"

त्यानं डोळे उघडले. बोटांच्या फटीतून बारीक धूर वर चढत होता. दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघावा तसा तो बघत राहिला. मग काढला, तेव्हा थोडी कातडी मोटरीलाच चिकटून राहिली.

मेहुण्यानं लाल बटण दाबलं. पंखा घरघरत मंदावला. पातळ पुठ्ठ्यासाठी आठवडाभर तो हळू चालवत होते, म्हणजे मोटरीला वारा घालणारा तिचा स्वतःचा छोटा पंखाही हळूच फिरत होता. सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

"बसा इथं, मलम आणतो मी!"

वैद्याची नजर हातावरून हलली नाही. "मलम राहू दे. तू घरी पळ."

"घरी? आत्ता?"

"ताईच्या कपाळाला हात लावून बघ," तो म्हणाला. "तुझा हात."