काचेमागची वाघजाई

जुन्नरच्या एका शेटजींनी जमवलेल्या मूर्ती आन् चित्रं गावाला दिली, त्याचं संग्रहालय झालं. मी आन् आत्या बघायला गेलो, तर आमच्या डोंगरावरनं गायब झालेली वाघजाई तिथं काचेमागं! आत्याला तिलाच बोललेला, पोर वाचल्याचा नवस फेडायचा व्हता; मूर्ती गेल्यापासनं त्याचा नारळ ती पिशवीत घेऊनच हिंडायची. लगेच तिनं तो बाहेर काढला.

राखणदार धावला. "बाई, इथं नुसतं बघायचं. ही आता देवी न्हाई, कलाकुसर हाय."

"मंग तू वहाणा दाराबाहेर का काढल्यास?"

त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, "बाहेर उंबऱ्यावर फोडा."

आत्यानं फोडला. खोबरं त्यानं आधी कपाळाला लावलं, मग खाल्लं.

वाटभर आत्या मलाच विचारत व्हती, "फिटला का गं नवस?" मला अजून कळलं न्हाई.