काकडीच्या रानावरची जेट्टी

जनसुनावणीत माझाच नकाशा दोन्ही बाजूंच्या हातात होता. धरणाच्या बॅकवॉटरला रिसॉर्ट बांधणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "बघा, पडीक काठ आहे. इथे बोटिंगची जेट्टी आली की गावाला रोजगार." पक्षीमित्रांनी तोच नकाशा उघडला. "इथे माणसाचा पाय लागलेला नाही. रोहित पक्षी उतरतात." दोघंही छान बोलले. मलाही बरं वाटत होतं. पर्यावरण अहवाल लिहिणाऱ्या बाईचा नकाशा एरवी कोण उघडून बघतं?

प्रकल्पाला परवानगी देण्याआधी सरकारी अधिकारी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकतात, ती जनसुनावणी. शेवटी साठीच्या गयाबाई उठल्या.

"म्याडम, तुमी कवा आल्ता बघायला?"

"दिवाळी झाल्यावर लगेच."

"तवा पानी काठोकाठ असतंय. आता चला. जेट्टी दावली तिथं माझी काकडी हाय."

उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी हटतं, तसा गाळ उघडा पडतो. त्यात जे पीक घेतात ती गाळपेर. हे पट्टे दरवर्षी सरकारकडून कसायला मिळतात, शक्यतो धरणात जमीन गेलेल्यांना. गयाबाईंच्या सासऱ्यांचं रान तिथेच बुडालं होतं. चार महिने ते त्यांना परत मिळायचं आणि त्यावर घर चालायचं.

माझे बॉस शेजारीच होते. हळूच म्हणाले, "आत्ता बोलू नका. नंतर अहवालात एक ओळ टाकू."

मला लाज वाटली. मी उठून सांगितलं, "साइट व्हिजिट एकदाच झाली, तीही पाणी भरलेलं असताना. नकाशा अपुरा आहे."

सरकारकडून अहवाल दुरुस्तीसाठी परत आला. मी एक दिवस गाळात चालून पट्टे मोजले, गयाबाई पुढे, मी मागे. नवा नकाशा बाहेर पडताच दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं बदललं. कंपनी म्हणाली, पर्यटकांना गाळपेर दाखवू. पक्षीमित्र म्हणाले, शेतकरी आणि पक्षी इथे शतकानुशतकं एकत्र राहतात. धरण गयाबाईंच्या लग्नानंतर झालंय, पण ते कधी झालं हे गयाबाईंना कोणी विचारलं नाही.

अखेर जेट्टी पलीकडच्या खडकाळ काठावर हलली. पण फाइल फिरत होती तोवर, प्रकरण प्रलंबित म्हणून, त्या काठावरच्या पुढच्या वर्षीच्या गाळपेरीचं वाटपच थांबलं. मी गयाबाईंना फोन केला.

"गाळ उघडा पडलाय, म्याडम. पर उतरायचं न्हाई म्हनत्यात. आमी काठावर बसून बघतो."

माझी चूक दुरुस्त करायला मला एक दिवस लागला होता. त्यांचा अख्खा हंगाम गेला. आता मी साइट दोनदा बघते, एकदा पाणी असताना आणि एकदा नसताना, आणि दोन्ही वेळचे महिने अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिते.