एमेटची झडप

खुर्ची भिंतीला टेकवूनच बसायचा. युनियनचा बिल्ला टोपीच्या आतून लावायचा. गुत्त्यात कुणाचं नाव घ्यायचा नाही. 'तो लंगडा', 'तुझा तो दोस्त' असंच बोलायचा. नवा माणूस भेटला की आधी त्याचे बूट बघायचा. फार स्वच्छ असले की हा कामगार नव्हे, असं धरून गप्प.

एमेट टॅकेट वयाने माझ्या वडिलांएवढा. अ‍ॅक्रनच्या टायर कारखान्यात आम्ही शेजारी काम करायचो. साहित्याची पदवी घेऊन मला दुसरं काही मिळालं नव्हतं. तो मला प्रोफेसर म्हणायचा आणि बरेच महिने कंपनीचा हेर समजायचा. पुस्तकं वाचलेला माणूस टायर कशाला बनवेल, हा त्याचा सवाल. मग एके दिवशी म्हणाला, "परत मला मिस्टर म्हणालास तर ठोकीन." मैत्री झाली ती अशी.

तो वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातला. लहानपणी खाणीत संप झाला, कंपनीने आपल्या मालकीच्या घरातून बाहेर काढलं, हिवाळा तंबूत गेला. वडिलांचं नाव कंपनीला सांगणारा शेजारीच निघाला. म्हणून युनियनने त्याला दारावर ठेवलं. हार्डवेअरच्या दुकानावरच्या आमच्या हॉलमध्ये परवलीचा शब्द घेतल्याशिवाय तो कुणाला सोडायचा नाही. तेवढ्यावरही त्याचं समाधान नव्हतं. उघडण्याआधी बाहेरचा माणूस दिसावा म्हणून त्याने दाराला झडप कापायला घेतली होती.

आदल्या वर्षी, १९३५ साली, वॉशिंग्टनच्या सरकारने कायदा केला होता. युनियनमध्ये गेला म्हणून कामगाराला काढता येणार नव्हतं. कोर्ट हा कायदा फेकून देणार, असं कंपनी म्हणायची आणि माणसं काढत राहायची. त्या वसंतात आमच्या युनियनमधल्या होबार्ट लाइव्हलीला काढलं. त्याची बायको आजारी होती. सोमवारी विजेचा मुख्य खटका पाडायचा, यंत्रांपाशीच बसून राहायचं आणि होबार्टला परत घेईपर्यंत उठायचं नाही, असं ठरलं. दिवस तिघांनाच ठाऊक होता: युनियनचे अध्यक्ष, एमेट आणि मी.

सोमवारी खटक्यापाशी पहारेकरी उभे होते. दुपारी अध्यक्षांना काढलं.

उरलो आम्ही दोघं. एमेटवर कोण संशय घेणार? डबा खाताना लोक माझ्या बाकावरून उठून जाऊ लागले. एमेट माझ्या बुटांकडे बघत राहिला.

रविवारी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको ओपल घेवडा आणि मक्याची भाकरी वाढत होती. टेबलावर एक ताट जास्तीचं होतं. माझ्यासाठी आहे का, विचारलं.

"छे. ते सरकारी साहेबांचं," ती म्हणाली. "दर रविवारी येतात. आज उशीर झाला वाटतं."

मी एमेटकडे बघितलं.

"कायद्यासाठी साक्षी गोळा करतात ते," तो म्हणाला. "कोर्टात लागतात. कुणाला काढलं, पुढारी कोण, सगळं विचारतात."

"दिवस विचारला होता?"

त्याने भाकरी खाली ठेवली. "माझ्या टेबलावर जेवलाय तो माणूस."

त्याच्या डोंगरात, टेबलावर जेवलेल्याची पुन्हा चौकशी करत नाहीत.

"आणि बूट?"

"चिखल होता. ओपलने दारातच काढायला लावले."

ओपलने जास्तीचं ताट उचललं. ते स्वच्छच होतं, तरी धुवायला घेतलं.

त्या संध्याकाळी एमेट हॉलमध्ये आला. मागच्या भिंतीपाशी न जाता मधोमध उभा राहिला. सरकारी साहेब समजून कंपनीच्या हेराला जेवू घातलं, दिवस आपल्याच तोंडून गेला, प्रोफेसरचा काही दोष नाही, एवढंच त्याने सांगितलं. कुणीतरी पाठीमागून थुंकलं. त्याने वळून पाहिलं नाही. बिल्ला टेबलावर ठेवून जिना उतरला. आठवड्याभरात घर रिकामं झालं. कुठे गेले, ओपलच्या शेजारणीलाही माहीत नाही.

उन्हाळ्यात आम्ही यंत्रांपाशी बसलोच. होबार्ट परत कामावर आला. दारावर आता मी असतो. झडप तशीच अर्धवट आहे. तीन बाजू कापलेल्या. चौथीवर पेन्सिलीची रेघ आहे, करवत लागलेली नाही.